आयसीडी मशीनबद्दल बेळगाव, खानापूर, निपाणीकडची माणसं नेहमी विचारतात ते प्रश्न

आमच्या मामांच्या छातीत आयसीडी, म्हणजे हृदयाचे ठोके जीवघेणे बिघडले की आतूनच शॉक देणारं मशीन, बसवलंय, आणि तेव्हापासून गल्लीतली, पै-पाहुण्यातली, अगदी चिकोडी-निपाणीकडची ओळखीची माणसं फोन करून तेच तेच विचारतात. ओपीडीत गर्दी असते, डॉक्टर अर्धं इंग्लिश अर्धं कन्नड बोलतात, आणि घरी आल्यावर काय सांगितलं ते कुणालाच नीट आठवत नाही. म्हणून डॉक्टरांना आणि मशीन चेक करणाऱ्या टेक्निशियनना विचारून विचारून जे कळलं ते इथं एकत्र लिहितोय. मी डॉक्टर नाही, तुमच्या पेशंटचा निर्णय तुमच्या कार्डिओलॉजिस्टनीच घ्यायचा, पण त्यांच्यासमोर बसताना काय विचारायचं हे माहीत असलं की निम्मी भीती तिथंच जाते.

आयसीडी म्हणजे नक्की काय असतंय?

तळहातावर मावेल एवढी टायटॅनियमची चपटी डबी, वजन साधारण ७० ग्रॅमच्या आसपास. आत बॅटरी, शॉकसाठी करंट साठवणारा कपॅसिटर आणि छोटा कॉम्प्युटर. ही डबी बहुतेक वेळा डाव्या बाजूला गळपट्टीच्या हाडाखाली कातडीच्या आत ठेवतात आणि तिथून एक वायर, तिला लीड म्हणतात, शिरेतून हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्यात नेऊन टोचतात. मग ते मशीन रात्रंदिवस एकेक ठोका मोजत बसतंय. ठोके भलतेच वेगात, धोक्याच्या पद्धतीनं पडायला लागले की ते आधी बारीक बारीक करंट देऊन ठोके ताळ्यावर आणायला बघतं, हे बहुतेकांना कळतसुद्धा नाही, आणि त्यानं नाही जमलं तर मोठा शॉक देतं.

तो धोक्याचा प्रकार कसा असतो ते सांगतो. आपल्याकडच्या मिरवणुकीतलं झांजपथक डोळ्यासमोर आणा, सगळे एका तालात वाजवत असतात म्हणून पथक पुढं सरकतं. अचानक प्रत्येकानं आपापल्या मनानं वाजवायला सुरुवात केली तर नुसता गोंगाट होईल आणि पथक जागच्या जागी थांबेल. हृदयाच्या खालच्या कप्प्यात असं झालं की त्याला व्हीएफ म्हणतात, म्हणजे व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन. हृदय नुसतं थरथरतं, रक्त पुढं जात नाही, माणूस काही सेकंदांत बेशुद्ध पडतो. शॉक दिला की सगळे एकदम गप्प होतात आणि हृदयाचा मूळ ताल धरणारा पुन्हा सुरुवात करतो. एवढंच त्या शॉकचं काम.

पेसमेकर आणि हे एकच का?

नाही. पेसमेकर ठोके कमी पडतात त्यांच्यासाठी, आयसीडी मुख्यतः ठोके जीवघेण्या वेगात जातात त्यांच्यासाठी. बहुतेक आयसीडीत पेसमेकरचं कामसुद्धा असतंय, पण साध्या पेसमेकरमध्ये शॉक नसतो. आणि तीन वायरींचं एक येतं, सीआरटी-डी, त्यात तिसरी वायर हृदयाच्या डाव्या बाजूला जाते आणि दोन्ही बाजू एकाच वेळी आकसाव्यात म्हणून मदत करते, ज्यांचं पंपिंग कमी आणि इसीजीमध्ये हृदयातल्या करंटचा (नळीचा नव्हे) विशिष्ट ब्लॉक आहे त्यांना ते देतात. शिवाय एस-आयसीडी म्हणून एक प्रकार आहे, त्यात वायर हृदयात जातच नाही, छातीच्या हाडाच्या बाजूनं कातडीखालीच राहते. तरुण पेशंटना किंवा इन्फेक्शनचा धोका जास्त असेल तर डॉक्टर त्याचा विचार करतात, पण ज्याला पेसिंगची, म्हणजे पेसमेकरसारखे ठोके द्यायचीही गरज आहे त्याला ते चालत नाही.

अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट टाकला, आता हे आणि कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि लोक इथंच फसतात, डॉक्टर पैसे काढतोय म्हणून. स्टेंट रक्ताची नळी उघडतो. पण अटॅकमध्ये हृदयाचा जो भाग मेला त्याची खूण तिथंच राहते, आणि त्या खुणेच्या कडेनं करंट गोल गोल फिरायला लागला की व्हीटी सुरू होतो, म्हणजे खालच्या कप्प्यातून निघणारे वेगाचे ठोके, त्यातूनच पुढं व्हीएफ. नळ्या सगळ्या उघड्या असल्या तरी हे होऊ शकतंय.

आणि उलटंही लक्षात ठेवा, आयसीडी असलं तरी हार्ट अटॅक येऊ शकतो. आयसीडी ब्लॉकेज अडवत नाही, पंपिंग वाढवत नाही, बीपी-शुगर बघत नाही. गोळ्या सोडायच्या नाहीत. मशीन बसवलंय आता गोळ्या कशाला असं म्हणणारी माणसं मी स्वतः बघितलीत, हे सगळ्यात धोक्याचं आहे, कारण गोळ्या बंद झाल्या की व्हीटी वाढतो आणि मग शॉकवर शॉक बसतात.

छातीत दाबल्यासारखं होऊन घाम सुटला तर ते अटॅकचं लक्षण, त्याला मशीनच्या भरवशावर घरी बसायचं नाही. कर्नाटकात कन्नड सिनेमातले नट पुनीत राजकुमार गेल्यानंतर त्यांच्या नावानं हृदयज्योती योजना आली, त्यात तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात इसीजी काढून तो मोठ्या हॉस्पिटलला दाखवायची आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायची सोय केलीय. खानापूर असो की हुक्केरी, जवळ जे आहे तिथं आधी जा.

बाबांना काहीच त्रास नाही, फक्त इकोमध्ये पंपिंग ३० आलंय. तरी बसवा म्हणतात?

इकोमध्ये ईएफ म्हणून एक आकडा येतो, नॉर्मल माणसाचा साधारण ५५ ते ७० च्या दरम्यान. तो ३५ किंवा त्याच्या खाली असेल तर अचानक व्हीएफ होऊन जाण्याचा धोका वाढतो, त्रास असो नसो. हे काय कुणाच्या मनातलं नाही, मॅडिट-२ म्हणून अभ्यास २००२ मध्ये आणि एससीडी-हेफ्ट २००५ मध्ये छापून आला, दोन्हीत आयसीडीवाले जास्त जगले, एससीडी-हेफ्टमध्ये मृत्यूचं प्रमाण २३ टक्क्यांनी कमी दिसलं.

पण घाई पण करायची नाही. अटॅक येऊन निदान ४० दिवस आणि स्टेंट किंवा बायपास होऊन साधारण ३ महिने जाऊ देतात, तोपर्यंत पंपिंगच्या गोळ्या पूर्ण डोसनं चालवतात आणि परत इको काढतात, कारण बऱ्याच जणांचं पंपिंग गोळ्यांनीच वर येतं आणि मशीन लागतच नाही. म्हणून कुणी अटॅकच्या आठवड्यातच नुसत्या कमी ईएफवर आयसीडी बसवा म्हणालं तर कारण विचारा. ज्यांना एकदा कार्डिॲक अरेस्ट होऊन, म्हणजे हृदय एकदम बंद पडून, वाचवलंय, किंवा व्हीटीनं बेशुद्ध पडलेत आणि त्याला दुरुस्त होण्यासारखं दुसरं कारण सापडलं नाही, त्यांची गोष्ट वेगळी, त्यांना थांबवत नाहीत.

आमच्या भागासाठी मला आणखी एक वाटतं. अरेस्टनंतर शॉक मिळायला एकेक मिनिट उशीर झाला की वाचायची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी कमी होत जाते. जांबोटी-कणकुंबीकडं रात्री कुणी पडलं तर दहा मिनिटांत शॉकची मशीन कुठनं येणार? भीमगडच्या जंगलातल्या वाड्यावस्त्यांवर तर पावसाळ्यात पेशंटला खांद्यावरून रस्त्यापर्यंत आणायला लागतं. ज्याला डॉक्टरांनी नीट तपासून गरज आहे म्हणून सांगितलंय आणि घर असं लांब आहे, त्यानं "बघू पुढच्या वर्षी" म्हणू नये असं मला मनापासून वाटतं.

कमी वयाच्या पोराला पण लागतंय का हो?

लागतंय. हृदयाचा स्नायू जाड होणं, लाँग क्यूटी आणि ब्रुगाडा हे हृदयातल्या करंटचे दोष, असे घराण्यात चालत येणारे आजार असतात. घरात कुणी तरणाताठा माणूस झोपेत किंवा पळताना अचानक गेला असेल तर "नजर लागली" म्हणून सोडू नका, भावंडांचा आणि पोरांचा इसीजी-इको काढून घ्या. लाँग क्यूटीवाल्यानं तर मेडिकलमधनं स्वतःच्या मनानं गोळी घ्यायचीच नाही, अझिथ्रोमायसिन किंवा उलटीवरची डॉम्पेरिडोन अशी साधी वाटणारी औषधंसुद्धा त्याला घातक ठरू शकतात.

मशीन बसल्यावर लग्न, संसार, मूलबाळ सगळं होतंय. बाळंतपण हृदयाच्या आणि बायकांच्या डॉक्टरांनी मिळून बघायचं एवढंच. मंगळसूत्रानं काही होत नाही. ब्लाउजचा पट्टा डबीवर घासतो अशी तक्रार बायका सांगतात, ऑपरेशनच्या आधीच डॉक्टरांना बोललं तर डबी जरा आत किंवा बाजूला ठेवता येते. लाजून गप्प बसू नका.

खेळाचं म्हणाल तर डेन्मार्कचा फुटबॉलपटू क्रिस्तियन एरिक्सन १२ जून २०२१ ला चालू मॅचमध्ये कोसळला, त्याला आयसीडी बसवलं आणि तो परत टॉपच्या लेव्हलला खेळला. पण म्हणून प्रत्येकानं कबड्डीच्या मैदानात उतरायचं नाही, आजार कुठला त्यावर आहे, आणि डबीवर सरळ मार बसेल असे खेळ टाळायचेच.

ऑपरेशन मोठं असतंय का?

छाती उघडत नाहीत. कॅथलॅबमध्ये जागा बधिर करतात, गुंगीचं इंजेक्शन देतात, तास-दोन तासात होतं, तीन वायरींचं असेल तर जास्त वेळ. दोन-तीन दिवसांत घरी सोडतात. धोके आहेत: डबीच्या जागी रक्त साठणं, फुफ्फुसाला टोचून हवा भरणं, वायर जागची हलणं, इन्फेक्शन. घरी आल्यावर जागा लाल झाली, सुजली, पाणी आलं, ताप आला तर हळद-मलम लावत बसू नका, सरळ जिथं बसवलं तिथं जा, डबीत इन्फेक्शन शिरलं तर सगळं काढायची वेळ येते.

डावा हात चार ते सहा आठवडे खांद्याच्या वर न्यायचा नाही, जड उचलायचं नाही. पण हात गळ्यात बांधून पण ठेवायचा नाही, खांदा आखडतो. कोपरापासून हलवत राहायचं. आमच्या मामांनी भीतीनं हात पोटाशी धरूनच ठेवलेला, मग फिजिओकडं जाऊन खांदा मोकळा करून घ्यावा लागला.

शॉक बसला की कसं वाटतं? आणि काय करायचं?

आतून छातीवर जोराचा दणका बसतो. दुखतं, खोटं कशाला सांगू, पण क्षणभरच. मामांना पहिला शॉक बसला तेव्हा ते सकाळी परड्यात बादलीनं पाणी घालत होते. डोळ्यापुढं अंधारी आली, बादली हातनं सुटली, आणि ते ओरडून खाली बसले. मामी धावत आल्या तोवर ते शुद्धीवर बसलेले, घाम सुटलेला, आणि "कुणी मारलं गं मला" म्हणत होते. दुपारी मशीन चेक केली तेव्हा टेक्निशियननी स्क्रीनवर दाखवलं, त्या मिनिटाची सगळी रेघ साठवलेली होती, आधी ठोके एकसारखे, मग एकदम करवतीच्या दात्यासारखी गिचमिड, मशीननं आधी बारीक करंटनं थांबवायचा केलेला प्रयत्न, तो फसला, मग शॉक, आणि पुढं परत सरळ ठोके. शॉक बसायच्या आधीच मशीननं सगळं ओळखलेलं. ती रेघ बघितल्यावर मामींच्या मनातनं "मशीन बिघडली का काय" ही शंका गेली ती गेलीच.

करायचं काय ते असं. एकच शॉक बसला आणि नंतर माणूस अगदी बरा आहे, तर घाबरून पळापळ नको, बसायचं, पाणी प्यायचं, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून मशीन चेक करून घ्यायची. पण शॉकनंतर चक्कर, दम, छातीत दुखणं असं काही असेल, किंवा एका दिवसात दोन किंवा जास्त शॉक बसले, तर वाट बघायची नाही, १०८ ला फोन करा नाहीतर मिळेल त्या गाडीनं जवळच्या मोठ्या दवाखान्यात. २४ तासांत तीन किंवा जास्त वेळा असं झालं तर डॉक्टर त्याला वादळच म्हणतात, त्यात ॲडमिट व्हायलाच लागतं. स्वतः गाडी चालवत जायचं नाही.

शॉक बसताना धरलं तर आपल्याला करंट लागतो का?

नाही. फार तर किंचित झिणझिण्या. पोरांना जवळ घ्या, बायकोनं हात धरावा, काही होत नाही. लोक पेशंटला एकटं सोडून लांब उभे राहतात, तसं करू नका.

माणूस पडला आणि उठतच नाही, तर?

मशीन आहे म्हणून वाट बघत बसायचं नाही. हाक मारून उठत नसेल आणि श्वास नीट नसेल तर छातीच्या मधोमध दाबायला सुरुवात करा, मिनिटाला १०० ते १२० वेळा, जोरात. बाहेरची शॉकची मशीन, एईडी, मिळाली तर तीही वापरता येते, फक्त तिचा पॅड डबीच्या अगदी वर चिकटवायचा नाही, चार बोटं तरी बाजूला.

मशीन कधी चुकून शॉक देतंय का?

देऊ शकतं. हृदयाच्या वरच्या कप्प्यातले ठोके फार वेगात गेले, वायर तुटली, किंवा बाहेरचा करंट मशीननं ठोके म्हणून मोजला तर. सेटिंग बदलून, गोळ्या देऊन, कधी वायर बदलून हे कमी करता येतं. म्हणून प्रत्येक शॉकनंतर चेकिंग.

मोबाइल, मिक्सर, इंडक्शन शेगडी चालतंय का?

टीव्ही, फ्रीज, मिक्सर, मायक्रोवेव्ह चालतंय. मोबाइल डबीपासून १५ सेंटीमीटर लांब, म्हणजे डाव्या खिशात नाही, आणि उजव्या कानाला. मागं मॅग्नेट असलेले फोन आणि इअरफोनची डबी तर छातीच्या खिशात कधीच नको, कारण मॅग्नेट जवळ आलं की मशीनचा शॉक तेवढ्यापुरता बंद पडतो. इंडक्शन शेगडीपासून दोन फूट लांब उभं राहायचं. मॅग्नेटची गादी, गुडघ्याचा मॅग्नेट पट्टा, दुखण्यावर करंट देणारी मशीन, हे घरोघरी विकायला येतात, ते नको. चरबी मोजणारा वजनकाटापण नको, साधा काटा चालतो.

मी उद्यमबागेत वेल्डर आहे, फाउंड्रीत आहे, आता काम सोडायचं का?

हा आपल्या गावचा खरा प्रश्न. मामा स्वतः वेल्डिंग करायचे. आर्क वेल्डिंगमध्ये मोठा करंट केबलमधनं जातो आणि त्याच्या भोवतीचं क्षेत्र मशीनला गोंधळवू शकतं, मशीनला वाटतं हृदयच वेगात आहे आणि ते शॉक देतं, किंवा पेसिंग थांबवतं. कमी अँपिअरवर, केबल अंगावर न घेता, कोरडे हातमोजे घालून, अर्थिंग कामाच्या जवळ लावून काही जणांना परवानगी मिळते, पण ती डॉक्टर आणि कंपनीच्या इंजिनिअरनी तुमचं काम बघून द्यायची, आपल्या मनानं नाही. मोठ्या करंटच्या कामाला बहुतेक डॉक्टर नाहीच म्हणतात. फाउंड्रीतल्या इंडक्शन फर्नेसजवळ जायचंच नाही, तिथलं क्षेत्र फार मोठं असतं. ग्राइंडर, ड्रिल हाताच्या अंतरावर धरून चालतं. मामांच्या मालकानं त्यांना स्टोअरच्या कामावर घेतलं, पगार थोडा कमी झाला पण घर चाललंय. मालकाला सांगायला घाबरू नका, लपवून काम करणं जास्त महागात पडतं. वडगाव-शहापूरकडं पॉवरलूम चालवणाऱ्यांना लूमच्या साध्या मोटरनं सहसा अडचण येत नाही, फक्त चालू मोटरवर वाकून छाती टेकवायची नाही.

शेतात मोटर, झटका मशीन?

बोअरच्या मोटरचं अर्थिंग आधी नीट करून घ्या, गिझर आणि वॉशिंग मशीनचंसुद्धा. गळका करंट इतरांना नुसता मुंगी चावल्यासारखा लागतो, पण आयसीडीवाल्याच्या अंगातनं तो गेला की मशीन त्याला व्हीएफ समजून शॉक देऊ शकतं, असं होतं. रात्री थ्री-फेज आलं म्हणून ओल्या हातानं स्टार्टर दाबायला पेशंटला पाठवू नका, घरात दुसरं कुणीतरी जाऊ दे. रानडुकरांसाठी उसाभोवती जे झटक्याचं कुंपण लावतात त्याला हात लागता कामा नये, त्या वाटेनं जाणंच टाळा. फवारणी पंप पाठीला लावला तर पट्टा डबीवर येतो, तो पण बघा.

गणपतीत डीजेसमोर उभं राहिलं तर?

आवाजानं मशीनला काही होत नाही, पण मोठ्या स्पीकरमध्ये मोठं मॅग्नेट असतं, त्याला टेकून उभं राहायचं नाही. गर्दीत डबीवर कोपर बसू देऊ नका.

एमआरआय, दात काढणं, दुसरं ऑपरेशन?

एक्स-रे, सीटी, सोनोग्राफी बिनधास्त. एमआरआय आता बऱ्याच मशीनना चालतो, पण डबी आणि वायर दोन्ही एमआरआयच्या असायला लागतात आणि आधी मशीन त्या मोडला टाकावी लागते. हर्निया, पित्ताशय असं ऑपरेशन असेल तर कॉटरी, म्हणजे करंटनं कापणारं आणि रक्त थांबवणारं हत्यार, वापरतात, त्यासाठी शॉक आधी बंद करून नंतर आठवणीनं परत चालू करतात. चालू केलं का, हे घरच्यांनी विचारायचं. सांब्रा विमानतळावर मशीनचं कार्ड दाखवा, दारातनं सरळ चालत जा, हातातला डिटेक्टर डबीवर फिरवू देऊ नका.

गाडी चालवायला कधीपासून?

नुसत्या काळजीपोटी बसवलं असेल तर जखम भरल्यावर लवकर. अरेस्ट होऊन बसवलं असेल किंवा शॉक बसला असेल तर डॉक्टर साधारण तीन ते सहा महिने नको म्हणतात. ट्रक, बस, टमटम, उसाची ट्रॉली, हे पोटापाण्याचं ड्रायव्हिंग मात्र बंदच. कठीण आहे, मला कळतंय, पण मागं बसलेल्यांचा पण जीव असतो.

पंढरीची वारी, उपवास, विहिरीत पोहणं?

वारीला पायी जायचं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, सोबत मशीनबद्दल माहीत असलेला माणूस ठेवा, गोळ्या आणि कार्ड अंगावर ठेवा, पिशवी टेम्पोत जाते आणि चुकामूक होते. जुलाब लागले तर पोटॅशियम कमी होऊन व्हीटी उठतो, म्हणून ओआरएस लगेच आणि दवाखाना लवकर. निर्जळी उपवास हृदयाच्या पेशंटनं करू नये. विहिरीत, मलप्रभेत एकट्यानं कधीच नाही, पाण्यात शॉक बसला तर काढणार कोण?

खर्च किती आणि योजनेत बसतंय का?

साध्या आयसीडीला काही लाख लागतात, सीआरटी-डीला त्याहून जास्त. आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटकमध्ये बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आणि एपीएलला खर्चाच्या ३० टक्के, दीड लाखापर्यंत मदत आहे, पण आधी सरकारी दवाखान्याचं रेफरल लागतं, म्हणून आधी बिम्स (बेळगावचं मोठं सरकारी हॉस्पिटल) किंवा तालुक्याला जाऊन कागद करा. महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू करायचं ठरवलं, तुमचं गाव त्यात असेल तर कोल्हापूरकडच्या हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला विचारा. दोन्हीकडं एकच प्रश्न स्पष्ट विचारायचा: पॅकेजमध्ये डबी आणि वायरची किंमत धरलीय का, का फक्त ऑपरेशनची? मंजुरी हातात आल्याशिवाय ॲडव्हान्स भरू नका. कंपनी-मॉडेल लिहिलेलं पक्कं बिल घ्या.

बॅटरी संपली की?

अचानक संपत नाही. साधारण सात ते दहा वर्षं जाते, शॉक आणि पेसिंग जास्त झालं तर लवकर. दर तीन ते सहा महिन्यांच्या चेकिंगला किती उरलीय ते दिसतं, काही मशीन कमी झाली की बीप वाजवतात नाहीतर थरथरतात. डबी बदलायला छोटं ऑपरेशन, वायर चांगली असेल तर तीच ठेवतात.

हे शोधलं कुणी?

मिशेल मिरोव्स्की म्हणून पोलंडमध्ये जन्मलेले डॉक्टर. इस्रायलमध्ये त्यांचे गुरु हॅरी हेलर १९६६ मध्ये अशाच ठोक्यांच्या आजारानं गेले, आणि बाहेरची शॉकची मशीन माणसाच्या आत का बसवू नये हा विचार त्यांनी धरला. मोठमोठ्या डॉक्टरांनी विरोध केला, तरी मॉर्टन मोअर यांच्यासोबत बाल्टिमोरमध्ये ते काम करत राहिले. ४ फेब्रुवारी १९८० ला जॉन्स हॉपकिन्समध्ये पहिल्या पेशंटला बसवलं, तेव्हा छाती उघडायला लागायची आणि डबी पोटात ठेवायचे. अमेरिकेत १९८५ मध्ये मंजुरी मिळाली.

शॉकची भीती बसलीय, झोपच येत नाही

हे फार जणांना होतं आणि कुणी बोलत नाही. माणूस घराबाहेर पडत नाही, आंघोळीला दार लावत नाही. हा वेडेपणा नाही, शॉकनंतर मनावर परिणाम होतोच. डॉक्टरांना मोकळं सांगा, समुपदेशनानं, गरज पडली तर गोळ्यांनी फरक पडतो. घरच्यांनी "मशीन आहे ना, मग कशाला घाबरतोस" असं म्हणू नये.

पेशंट अगदी शेवटच्या स्टेजला असेल, आणि नंतर?

कॅन्सर असो की हृदयच पूर्ण थकलेलं असो, आता जगवायचं काही उरलं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं असेल, तर शॉक बंद करून ठेवता येतो. सुई नाही, ऑपरेशन नाही, बाहेरूनच करतात. त्यानं माणूस त्या क्षणी जात नाही, फक्त जाताना शॉकवर शॉक बसून हाल होत नाहीत. पेशंट बोलण्यासारखा असतानाच त्याची इच्छा विचारून ठेवावी.

आणि दहन करणार असाल तर डबी आधी काढायलाच लागते, आगीत बॅटरी फुटते, लाकडाची चिता असो की विद्युतदाहिनी. दवाखान्यातच सांगून काढून घ्या, शॉक बंद केल्याशिवाय कुणी डबीला हात लावू नये. घरी गेले असतील तर सदाशिवनगर किंवा शहापूरच्या स्मशानात न्यायच्या आधी डॉक्टरांना फोन करा. दफन करणाऱ्यांना ही अडचण नाही.

सही करायच्या आधी डॉक्टरांना काय विचारायचं?

मला हेच का, एस-आयसीडी किंवा सीआरटी-डी का नको. एमआरआयचं आहे का. माझ्या कामाचं काय. संमतीपत्र इंग्लिश-कन्नडमध्ये असेल तर मराठीत समजावून घ्या, तो तुमचा हक्क आहे, संकोच करू नका. आणि एक गोष्ट जी सहसा कुणी सांगत नाही: प्रत्येक कंपनीच्या मशीनला त्याच कंपनीचा प्रोग्रामर, म्हणजे मशीन बाहेरून चेक करायचं आणि सेटिंग बदलायचं यंत्र, लागतो, दुसऱ्याचा चालत नाही. म्हणून बेंगळुरूला किंवा मुंबईला बसवणार असाल तर त्या कंपनीचा प्रोग्रामर बेळगावात, नाहीतर निदान हुबळी-कोल्हापुरात कुठल्या दवाखान्यात आहे, टेक्निशियन कुठल्या वारी येतो आणि रात्री शॉक बसला तर कुणाला फोन करायचा, हे बसवायच्या आधी लिहून घ्या, आणि तो कागद मशीनच्या कार्डासोबत पाकिटात ठेवा.